एकोणिसाव्या शतकातलं इंग्लिश पॅरिश चर्च: बघायचं कसं, ओळखायचं कसं

एकोणिसाव्या शतकात बांधलेलं इंग्लिश पॅरिश चर्च, म्हणजे एखाद्या गावाचं किंवा वस्तीचं स्थानिक चर्च, बघायला गेलात, की मनोरा, रंगीत काचा, कोरीवकाम हे सगळं घटकाभर बाजूला ठेवा आणि आधी एकच गोष्ट बघा: लोकांच्या पहिल्या बाकापासून वेदी किती लांब आहे? अंतर चार-पाच पावलांचं असेल, तर इमारत बहुतेक १८४० च्या आधीची. मधे पायऱ्या चढून जावं लागणारं, वेगळ्या छताचं, बारा-पंधरा पावलांचं एक दालनच असेल, तर ती बहुतेक १८४० नंतरची. त्या दालनाला चान्सेल म्हणतात आणि लोक बसतात त्या लांबट दालनाला नेव्ह. सभामंडप आणि गाभारा यांचं आपल्या देवळात जे नातं असतं, साधारण तेच या दोघांचं.

या चर्चना ‘मध्ययुगाची नक्कल’ म्हणून निकालात काढायची सवय अनेकांना आहे. मला ते पटत नाही. उपासना कशी व्हावी, गरिबाला कुठे बसवावं, प्रवचन मोठं की वेदी मोठी, या प्रश्नांवर त्या काळात इंग्लंडमध्ये कडाक्याचे वाद झाले आणि ते वाद या इमारतींच्या नकाशात उतरले. शैली नंतर येते, नकाशा आधी. पुढची सगळी पद्धत याच क्रमाने मांडली आहे. इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेल्या, तिकडे फिरायला जाणाऱ्या कुणालाही ती वापरता येईल. एका चर्चला दीड तास द्या.

जाण्याआधी

सोबत छोटी दुर्बीण, टॉर्च आणि फोनमधलं होकायंत्र असू द्या. दुर्बिणीशिवाय वरच्या काचा आणि छताचं लाकूड नीट दिसत नाही.

इंग्लंडमधल्या संरक्षित वास्तूंची अधिकृत यादी, ‘नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड’, इंटरनेटवर मोफत आहे. चर्चचं आणि गावाचं नाव टाकलं की वास्तुविशारद, वर्षं, साहित्य अशी नोंद मिळते. माझा सल्ला असा, की ती नोंद आधी वाचू नका. आधी स्वतः बघा, अंदाज कागदावर लिहा, मग ताडून पाहा. नजर अशीच तयार होते.

खेड्यातली बरीच चर्च दिवसा उघडी असतात. शहरातली अनेकदा बंद असतात, पण किल्ली कुणाकडे आहे याची पाटी बहुधा दाराशी मिळते. रविवारी सकाळी प्रार्थना असते. त्यात बसायचं असेल तर जरूर बसा, नुसतं बघायचं असेल तर दुसरा दिवस निवडा. वेदीसमोरच्या कठड्याच्या आत जाऊ नका. निघताना दानपेटीत काहीतरी टाका, कारण छताची दुरुस्ती त्याच पैशांतून चालते.

इतकी चर्च एकदम का उभी राहिली

१८०१ मध्ये इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या सुमारे ८९ लाख होती, १८५१ मध्ये ती सुमारे १ कोटी ७९ लाख झाली. वाढ मुख्यतः मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम, लंडन अशा ठिकाणी झाली आणि तिथल्या जुन्या पॅरिशमध्ये माणसांना बसायला जागाच उरली नाही. नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपल्यावर, १८१८ मध्ये, संसदेने नव्या चर्चसाठी १० लाख पौंड मंजूर केले आणि १८२४ मध्ये आणखी ५ लाख. या योजनेखाली सुमारे ६०० चर्च उभी राहिली. त्यांना कमिशनर्स चर्च म्हणतात.

त्या चर्चचा हेतू सरळ होता: कमी पैशांत जास्तीत जास्त माणसं बसावीत आणि प्रवचन सगळ्यांना ऐकू यावं. म्हणून रुंद, सभागृहासारखं एकच मोठं दालन, तीन बाजूंनी माड्या, वर सपाट गिलाव्याचं छत आणि टोकाला नावापुरती चान्सेल. बाहेरून कधी ग्रीक पद्धतीचे खांब, कधी अरुंद टोकदार खिडक्या. ब्रायटनचं सेंट पीटर्स या पिढीतलं ठळक उदाहरण आहे. ते १८२४ ते १८२८ या काळात चार्ल्स बॅरी यांनी बांधलं, म्हणजे पुढे लंडनचं संसदभवन ज्यांच्या हातून झालं तेच बॅरी. चेल्सीचं सेंट ल्यूक्स, १८२० ते १८२४, जेम्स सॅव्हेज यांचं. त्याचं छत खऱ्या दगडी कमानींचं आहे आणि त्या काळात असं छत अगदी दुर्मीळ होतं.

मग वारं फिरलं. १८३३ मध्ये ऑक्सफर्डमध्ये जॉन कीबल यांच्या प्रवचनापासून एक चळवळ सुरू झाली. चर्च म्हणजे सरकारी खातं नव्हे, संस्कारविधी आणि परंपरा हा त्याचा गाभा आहे, असं ती सांगत होती. १८३६ पासून ए. डब्ल्यू. एन. प्युजिन हे तरुण वास्तुविशारद टोकदार कमानींची मध्ययुगीन पद्धत हीच खरी ख्रिस्ती पद्धत, असं हिरिरीने मांडत होते. ते स्वतः कॅथलिक झालेले होते, पण अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, वास्तुविशारदांवरही त्यांचा विलक्षण प्रभाव पडला. १८३९ मध्ये जॉन मेसन नील आणि बेंजामिन वेब या केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी केंब्रिज कॅम्डेन सोसायटी काढली. या तरुणांनी जुन्या चर्चची मोजमापं घेतली आणि नवं चर्च कसं असावं याचे नियम घालून दिले: खोल चान्सेल हवी, माड्या नकोत, भाड्याच्या बंदिस्त बैठका नकोत, खोटा गिलावा नको. त्यांच्या नियतकालिकात नव्या चर्चवर जी टीका यायची, तिचा वास्तुविशारदांना चांगलाच धाक होता.

खोल चान्सेल बांधली खरी, पण त्यात बसायचं कुणी? मध्ययुगात तिथे पुष्कळ धर्मगुरू असत, एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिशला एखादा व्हिकर, म्हणजे मुख्य धर्मगुरू, आणि फार तर एक-दोन मदतनीस. याचं उत्तर लीड्समध्ये सापडलं. तिथलं पॅरिश चर्च व्हिकर वॉल्टर हुक यांच्या काळात, १८३७ ते १८४१ मध्ये, आर. डी. चँट्रेल यांनी नव्याने बांधलं आणि पांढरे झगे घातलेला गायकवृंद चान्सेलमध्ये बसवला. हा नमुना देशभर पसरला. आज अनेक चर्चमध्ये समोरासमोर तोंड करून ठेवलेली गायकांची बाकं दिसतात, त्यांचं मूळ बहुतेकदा मध्ययुगात नसून या १८४० च्या दशकात आहे.

पहिली पायरी: बाहेरून एक पूर्ण फेरी

आत जाण्याची घाई करू नका. होकायंत्र काढा आणि पूर्व दिशा शोधा. चान्सेल सहसा पूर्वेला असते. शहरातल्या अडचणीच्या जागेत दिशा बदलावी लागली तरी वेदीची बाजू ‘पूर्व’ असंच धरून सगळी वर्णनं लिहिली जातात, हे लक्षात ठेवलं की पुढे गोंधळ होत नाही.

आता छप्पर बघा. नेव्हचं आढं आणि चान्सेलचं आढं वेगवेगळ्या उंचीवर आहे का? असेल, आणि उतार चांगला तीव्र असेल, तर कॅम्डेन सोसायटीचा प्रभाव समजा. त्यांचा आग्रहच होता की आतली प्रत्येक जागा बाहेरून ओळखू आली पाहिजे: नेव्ह वेगळी, चान्सेल वेगळी, दक्षिणेला प्रवेशाची देवडी, उत्तरेला धर्मगुरूंची कपडे बदलायची खोली. उलट, एकाच बुटक्या छपराखाली सगळं कोंबलेलं असेल आणि चारी बाजू सारख्या दिसत असतील तर तो आधीचा काळ.

मनोरा पश्चिमेला बरोबर मध्यावर आहे की एका कोपऱ्यात? १८४० च्या आधी बहुधा मध्यावर. नंतर तो मुद्दाम कडेला घेऊ लागले. कित्येक ठिकाणी पैसे संपले आणि मनोरा अर्धवटच राहिला. खालच्या भिंती अवाजवी जाड आणि वर एकदम बसकं छप्पर, असं दिसलं तर तीच शक्यता आधी धरा.

उत्तर बाजूला आवर्जून जा. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही, म्हणून खर्चाची काटकसर तिथेच केलेली असते: साधा दगड, कमी कोरीवकाम, जमिनीखालच्या बॉयलरकडे उतरणाऱ्या पायऱ्या, एखादं धुराडं. पावसाच्या पाण्याच्या लोखंडी नळांवरच्या पेट्यांकडेही नजर टाका, त्यांवर कधी कधी वर्षच ओतलेलं असतं. कोनशिला बहुधा पूर्वेच्या भिंतीत, जोत्याजवळ असते.

दुसरी पायरी: भिंत

भिंतीजवळ जाऊन दोन गोष्टी तपासा. पहिली, दगड कुठला. रेल्वे येण्याआधी दगड लांबून आणणं परवडत नसे, म्हणून नॉरफोकमध्ये चकमकीचा दगड, केंटमध्ये करडा रॅगस्टोन (एक कठीण चुनखडक), यॉर्कशायरमध्ये वालुकाश्म असं स्थानिक गणित होतं. १८४० नंतर बाथचा मऊ, मधाळ रंगाचा दगड रेल्वेने दूरवर जाऊ लागला. स्थानिक खडबडीत दगडाची भिंत आणि खिडक्यांभोवती मात्र दुसऱ्याच रंगाचा घडीव दगड, ही जोडी त्यामुळे सर्रास दिसते.

दुसरी गोष्ट वीट. १८५० मध्ये विटांवरचा कर रद्द झाला आणि त्याच सुमाराला वास्तुविशारद विल्यम बटरफिल्ड यांनी लंडनमध्ये लाल विटांमध्ये काळ्या विटांचे पट्टे घालून चर्च उभारायला घेतलं. रंग वरून लावायचा नाही, तो बांधकामातच असला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. पट्टेदार वीटकाम दिसलं की १८५० ते १८७५ या काळाचा अंदाज करायला हरकत नाही.

तिसरी पायरी: खिडक्या

थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये इंग्लिश मध्ययुगीन शैलींना जी नावं रूढ केली, तीच आजही चालतात. नॉर्मन म्हणजे अर्धगोल कमानी, अकरावं-बारावं शतक. अर्ली इंग्लिश म्हणजे अरुंद, उभ्या, टोकदार खिडक्या, तेरावं शतक. या खिडक्यांना लॅन्सेट म्हणतात. डेकोरेटेड म्हणजे खिडकीच्या माथ्यावर वर्तुळं, त्रिदलं, लाटांसारख्या वळणांची दगडी जाळी, साधारण तेराव्या शतकाची अखेर ते चौदावं शतक. पर्पेंडिक्युलर म्हणजे खालपासून वरपर्यंत सरळ जाणारे उभे दगडी दांडे आणि रुंद खिडक्या, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे.

एकोणिसाव्या शतकाने या शैली आपल्या क्रमाने वापरल्या, आणि तो क्रम पाठ असला की अर्धं काम होतं. १८२० ते १८४० लॅन्सेट, कारण त्या स्वस्त पडत. १८४० च्या दशकात काही काळ नॉर्मन. १८४५ ते १८७० डेकोरेटेड, कारण मध्ययुगाचा तोच कळस असं कॅम्डेन मंडळींचं ठाम मत होतं. १८५५ नंतर त्यात इटालियन पट्टे आणि फ्रेंच धाटणीचे जाडजूड गोल खांब मिसळले. १८७० नंतर जी. एफ. बॉडली यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी पुन्हा नाजूक इंग्लिश वळण घेतलं आणि शतकाच्या शेवटी पर्पेंडिक्युलरला मान मिळाला.

अडचण लॅन्सेटची आहे, कारण त्या १८२५ मध्येही आहेत आणि १८७५ मध्येही. इथे भिंतीची जाडी बघा. आत गेल्यावर खिडकीच्या खालच्या कडेवर हात ठेवा. १८२५ च्या चर्चमध्ये ती कड बहुधा उथळ असते, काच भिंतीच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटलेली, आणि खिडक्या सारख्या अंतरावर, एकाच मापाच्या. १८७५ मध्ये जे. एल. पिअर्सन यांच्यासारखा वास्तुविशारद असेल तर हात कोपरापर्यंत आत जातो आणि भिंत आतल्या बाजूला तिरकी कापलेली असते, त्यामुळे बारीक खिडकीतूनही प्रकाश पसरून येतो. लंडनच्या किल्बर्न भागातलं पिअर्सन यांचं सेंट ऑगस्टिन्स याचसाठी बघावं. तिथे भिंतीला टेकू देणारे, एरवी बाहेर असायचे ते धिरे इमारतीच्या आत घेतले आहेत आणि त्यांच्यातून वाट काढत वरचा सज्जा सगळीकडे फिरतो.

चौथी पायरी: पश्चिम दाराशी उभं राहून

आत शिरल्यावर बाप्तिस्म्याचं दगडी कुंड शोधा. ते दाराजवळ असतं, कारण बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती समाजात प्रवेश. तिथून सरळ वेदीकडे पाहा. मधे कमान आहे का, किती पायऱ्या आहेत, लाकडी किंवा लोखंडी जाळीचा पडदा आहे का, हे नोंदवा.

मग वर. गिलाव्याचं सपाट छत की उघड्या लाकडी कैच्या? कॅम्डेन मंडळींना तुळया, वासे, जोड सगळं उघडं दिसायला हवं होतं.

आता बाकं, आणि इथे थोडं रेंगाळा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्चमधली चांगली जागा पैसे देऊन मिळत असे. सधन कुटुंबांच्या बैठका लाकडी कठडा आणि दार लावून बंदिस्त केलेल्या असत, गरिबांना मागची किंवा कडेची बाकं. नव्या मंडळींनी याविरुद्ध जोरदार आवाज उठवला आणि सगळ्यांना एकसारखी, उघडी, बुटकी बाकं आणली. वास्तुकलेच्या निमित्ताने झालेला हा सामाजिक बदल मला त्या सगळ्या चळवळीतला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचे पुरावे अजून सापडतात. बाकांच्या टोकांवर आकडे असतील तर जागा नेमून दिलेल्या होत्या. दारांच्या बिजागरीच्या खुणा असतील तर दारं काढली गेली. खांबांवर मधल्या उंचीला दगड बुजवल्याचे चौकोन दिसले तर तिथे माडी होती. मागच्या भिंतीवर किंवा देवडीत एखादा जुना फलक असतो: अमुक साली चर्च वाढवलं, इतक्या जागा नव्या झाल्या, त्यातल्या इतक्या कायमच्या मोफत. १८१८ मध्ये स्थापन झालेली इनकॉर्पोरेटेड चर्च बिल्डिंग सोसायटी अनुदान देताना मोफत जागांची अट घालत असे, आणि हा फलक त्या अटीची जाहीर नोंद आहे. तो पूर्ण वाचा.

पाचवी पायरी: जमीन

गुडघे टेकून लाद्या बघा. नेव्हमध्ये साध्या लाल-काळ्या, चान्सेलच्या पायऱ्यांपासून नक्षीदार, वेदीजवळ सर्वांत श्रीमंत, अशी चढती भाजणी बहुतेक ठिकाणी असते. पावलापावलाने जागेचा मान वाढत जातो आणि तो पायाखालीच सांगितलेला असतो.

या नक्षीदार लाद्या रंगवलेल्या नाहीत. लाल मातीच्या ओल्या लादीत साच्याने नक्षीचे खळगे पाडायचे, त्यात पिवळसर पातळ माती ओतायची, वाळल्यावर पृष्ठभाग तासून सारखा करायचा आणि भट्टीत भाजायचं. मध्ययुगातली ही विस्मृतीत गेलेली पद्धत सॅम्युएल राइट यांनी १८३० मध्ये पेटंट घेऊन पुन्हा आणली आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटन यांनी ती नावारूपाला आणली. मधल्या वाटेवरची एखादी झिजलेली लादी निवडा आणि टॉर्चचा प्रकाश आडवा टाका. दीडशे वर्षांच्या पावलांनी पृष्ठभाग खोलगट झालेला दिसेल, कडा गोल झालेल्या दिसतील, पण फुलाची पिवळी पाकळी जागच्या जागी असेल. रंग वरवरचा नसून मातीतच असल्यामुळे लादी झिजली तरी नक्षी टिकून राहते.

वाटेच्या कडेने लोखंडी जाळ्या दिसल्या तर त्याखाली गरम हवेचे किंवा गरम पाण्याच्या नळांचे चर आहेत.

सहावी पायरी: चान्सेल

गायकांची बाकं आणि बाजूच्या कोनाड्यातला ऑर्गन ओलांडून कठड्यापर्यंत या. उजव्या हाताच्या भिंतीत दगडी आसनं असतील, ती प्रार्थना चालवणाऱ्यांसाठी. शेजारी छोटा कोनाडा आणि त्यात खोलगट वाटीसारखा भाग असेल, तर तो पात्रं धुतलेलं पाणी सोडण्यासाठी. वेदीमागची कोरलेली किंवा रंगवलेली भिंत म्हणजे रेरेडॉस. संपूर्ण चर्चमधला सर्वांत जास्त खर्च अनेकदा इथेच झालेला असतो.

वेदी लाकडी आहे की दगडी? या एका प्रश्नावरून कोर्टकज्जे झाले. केंब्रिजमधलं होली सेपल्कर हे गोल चर्च कॅम्डेन सोसायटीने दुरुस्त केलं आणि तिथे दगडी वेदी बसवली. ती रोमन कॅथलिक बळीच्या कल्पनेकडे झुकते, म्हणून पॅरिशचे धर्मगुरूच विरोधात गेले आणि १८४५ मध्ये चर्चच्या वरिष्ठ न्यायालयाने दगडी वेदीविरुद्ध निकाल दिला. पुढच्या कितीतरी चर्चमध्ये वेदी म्हणजे उत्तम लाकडी मेज असतं, त्यामागे हा निकाल आहे. वेदीवरचं वस्त्र मात्र उचलून पाहू नका.

सातवी पायरी: रंगीत काचा

पूर्वेची खिडकी सकाळी बघावी, पश्चिमेची दुपारनंतर. खालच्या पट्टीवर ज्याच्या स्मरणार्थ खिडकी दिली त्याचं नाव आणि मृत्यूचं वर्ष असतं. खिडकी बसवली गेली ती कधी कधी बऱ्याच वर्षांनी, म्हणून ते वर्ष ‘याच्या आधी नाही’ एवढ्याच अर्थाने घ्या.

१८४५ मध्ये काचेवरचा कर उठला आणि कारखाने भराभर वाढले. सुरुवातीच्या काचा पातळ आणि एकसारख्या असल्यामुळे रंग जरा भडक, सपाट दिसतात. चार्ल्स विन्स्टन यांनी मध्ययुगीन काचेचा अभ्यास करून लंडनच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याच्या साहाय्याने जुन्या धर्तीची, कमी-जास्त जाडीची काच करवून घेतली. १८५० च्या दशकानंतर रंगाला खोली येते ती त्यामुळे. न्यूकॅसलचे विल्यम वेल्स, बर्मिंगहॅमचे हार्डमन, लंडनचे क्लेटन अँड बेल ही नावं वारंवार भेटतील. चार्ल्स केम्प यांच्या काचा चंदेरी-हिरवट छटेच्या असतात, देवदूतांच्या पंखांत मोरपिसं असतात आणि कोपऱ्यात गव्हाच्या पेंढीची खूण सापडू शकते. विल्यम मॉरिस यांची कंपनी १८६१ ची. तिच्या सुरुवातीच्या काचा बघायला स्कारबरोचं सेंट मार्टिन्स किंवा केंब्रिजचं ऑल सेंट्स गाठा. दोन्ही चर्च बॉडली यांची.

नवं बांधलेलं की जुनं दुरुस्त केलेलं?

खेड्यात हा प्रश्न हमखास येतो, कारण मध्ययुगीन चर्चची दुरुस्ती त्या शतकात प्रचंड प्रमाणावर झाली. भिंतीवरचे स्मृतिफलक १६००-१७०० चे असतील आणि खिडक्यांच्या कडा कालच घडवल्यासारख्या धारदार, तर दुरुस्ती. जुन्या खडबडीत भिंतीत उभी सरळ सांध्याची रेघ दिसली तर तिथे दोन काळ भेटतात. आतला गिलावा खरवडून दगड उघडे केलेले असतील आणि दगडांमधल्या फटी चुन्याने ठळक भरलेल्या असतील, तर तीही त्याच काळातली हौस. त्यात जुनी भित्तिचित्रं कायमची गेली. या खरवडण्याविरुद्धच मॉरिस, वास्तुविशारद फिलिप वेब आणि त्यांच्या मित्रांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुनं ‘शुद्ध’ करू नका, जपा, हे तिचं म्हणणं. ती संस्था आजही काम करते. अशा दुरुस्त्या मोठ्या प्रमाणावर करणारे वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्यावर तेव्हा फार टीका झाली. त्यांनी पडायला आलेल्या कित्येक इमारती वाचवल्या, हेही तितकंच खरं आहे.

एक चर्च, सगळ्या पायऱ्या: ऑल सेंट्स, मार्गारेट स्ट्रीट

लंडनमध्ये ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनवरून काही मिनिटांत पायी पोहोचता येतं. बटरफिल्ड यांचं हे काम १८५० मध्ये सुरू झालं आणि १८५९ मध्ये चर्चचं अधिकृत समर्पण झालं. कॅम्डेन सोसायटीने आदर्श नमुना म्हणून ते उभं करवलं.

बाहेरची फेरी इथे मारता येत नाही, कारण तिन्ही बाजूंना घरं चिकटलेली आहेत. रस्त्यावरून एका कमानीतून छोट्या चौकात यायचं. चर्च, धर्मगुरूंचं निवासस्थान आणि पूर्वीची गायक मुलांची शाळा, सगळं शंभर फूट लांबी-रुंदीच्या जागेत बसवलं आहे. जागा पसरायला नाही म्हणून इमारत वर चढली: सुळका २२७ फुटांचा. लाल विटा, काळे पट्टे. दुसरी पायरी इथे एका नजरेत पटते.

आत नेव्हला कमानींचे तीनच गाळे आहेत, पण उंची छाती दडपून टाकणारी. स्कॉटलंडच्या ग्रॅनाइटचे चकचकीत खांब, वर कोरलेली पानं, भिंतींवर रंगीत भूमितीय जडावकाम. माड्या नाहीत. नेव्ह आणि चान्सेलच्या मधे उंच पडदा नाही, संगमरवराची बुटकी भिंत आहे, त्यामुळे वेदी दारापासूनच दिसते. पूर्वेला शेजारचं बांधकाम असल्यामुळे खिडकी काढता आली नाही, म्हणून ती सबंध भिंत चित्रांची केली. चित्रं विल्यम डाइस यांची होती, ती लवकरच खराब झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निनियन कोंपर यांनी त्यांच्या जागी नवी केली. उत्तरेच्या भिंतीवरची लाद्यांची मोठी चित्रं १८७३ ची, बटरफिल्ड यांच्याच आराखड्यावरून. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा मिनिटं नुसते बसा, मग रंग एकेक करून उलगडतात.

मुंबईत सराव करायचा असेल तर

कुलाब्याचं सेंट जॉन्स, म्हणजे अफगाण चर्च, याच चळवळीचं अपत्य आहे. ते पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं छावणीचं चर्च, समर्पण १८५८ चं. नकाशे हेन्री कॉनिबेअर यांचे, ज्यांनी मुंबईसाठी विहार तलावाची योजना आखली तेच. इथल्या अंतर्भागाच्या मांडणीत बटरफिल्ड यांचे आराखडे आहेत आणि काचा न्यूकॅसलच्या वेल्स यांच्या. सुळका १८६५ मध्ये पुरा झाला.

वरच्या पायऱ्या इथे क्रमाने लावून पाहा: छपरांच्या उंचीतला फरक, लॅन्सेट खिडक्यांची खोली, पायऱ्या चढत जाणारी चान्सेल, तिच्यातल्या लाद्यांची चढती भाजणी, पश्चिमेच्या खिडकीचे रंग दुपारनंतर. बाकांना बंदुका टेकवायला केलेल्या खाचा हा इथला खास पुरावा आहे. चौथ्या पायरीत बाकांबद्दल जे सांगितलं त्यात सैनिकांच्या चर्चची ही भर. चर्च अनेकदा कुलूपबंद असतं, तेव्हा आवारातल्या माणसाला विचारा आणि शक्यतो तीननंतर जा.